पुढच्या चाकाला तूप

माझ्या वडिलांनी माझ्या रेसच्या गाडीला तूप लावलं होतं. पुढच्या चाकाला, ब्रेकच्या तबकडीवर, दोन्ही बाजूंनी, हळद घालून. त्या तुपामुळे यवतमाळच्या एका चांगल्या मिस्त्रीचं नाव खराब झालं, आणि ते खराब होत असताना मी तोंडाला कुलूप लावून बसलो. दहा वर्षं मी मोटरसायकलच्या रेस मारल्या, त्यावर पोट भरलं, हाडं मोडून घेतली, काही कप घरी आणले. कुणी विचारलं की मी त्या कपांविषयी बोलतो. तुपाविषयी कधीच बोललो नाही, म्हणून ते इथे लिहितो.

आमचं गाव कळंबपासून आठ-नऊ किलोमीटरवर. जमीन काळी, पीक कापूस आणि तूर. बाबा शेती करायचे, पण पंचक्रोशीत त्यांना शेतीवरून कुणी ओळखत नसे. ते धुरकरी होते. शंकरपटात बैलजोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. हलका छकडा, दोन बैल, वर एकटा माणूस, आणि बघता बघता संपणारी धाव. पटाच्या हंगामात बाबा आठ-आठ दिवस घरी नसत. परत आले की आधी बैलांच्या पायांवरून हात फिरवत, कुठे सूज आहे का बघत, मग आईला पाणी मागत. माझा नंबर बैलांच्या नंतर लागायचा. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण बैल खरोखरच माझ्यापेक्षा देखणे होते.

बाबांचा एक नियम होता. जोडी हरली तर ते बैलांना बोट लावत नसत की शिवी देत नसत. म्हणायचे, "बैल कधी चुकत नाही. जुंपनारा चुकते." मग रात्रभर स्वतःवरच चिडलेले असायचे, आणि त्याचा ताप आईला आणि मला व्हायचा. पण नियम पक्का होता.

मग पटावर बंदी आली. टीव्हीवर कोर्टाचा निकाल सांगत होते तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी जेवण पुरं केलं, हात धुतला, छकडा ओढत नेऊन गोठ्यामागे उभा केला आणि त्यावर ताडपत्री टाकली. गावाबाहेरची पटाची जागा ओसाड पडली आणि त्या जागेवर मी बाबांची मोटरसायकल पळवायला लागलो. ती गाडी तोवर फवारणीचा पंप आणि चाऱ्याचे भारे वाहायची.

पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा गच्च भरते आणि गाडी जागच्या जागी थांबते. आमच्याकडे पावसाळ्यात दर मैलाला एखादा माणूस रस्त्याच्या कडेला बसून काडीनं चाकातली माती उकरताना दिसतो. मी पुढचं मडगार्डच काढून फेकलं. चिखल थेट तोंडावर यायचा, पण गाडी थांबत नव्हती. चिखलात घाबरून ब्रेक दाबला की माणूस पडतो आणि एक्सेलेटर दिला की वाचतो, हे मी तिथे शिकलो. पुढे मोठमोठ्या रेसमध्ये पाऊस आला की बाकीचे तोंड पाडायचे आणि मला हुरूप यायचा.

बाबांना हे सगळं पोरकट वाटायचं. "लोखंडाले काय पळवायचं?" ते म्हणत. "त्याले थोडीच हौस असते."

बारावीनंतर मी यवतमाळला कॉलेजात गेलो, म्हणजे नाव घातलं. दिवस मात्र आर्णी रोडवरच्या एका गॅरेजात जायचा. तिथला मिस्त्री मूळचा वणीचा. उमेदीची वर्षं त्यानं कोळशाच्या खाणीवरचे ट्रक दुरुस्त करण्यात घालवली होती आणि त्या आवाजात त्याचा डावा कान गेला होता. उजवा कान मात्र दोघांचं काम करायचा. इंजिन चालू करून तो पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ उजव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "वाल ढिला आहे," किंवा "पोटात दुखून राह्यलं तिच्या." उघडून बघितलं की तसंच निघायचं. मी त्याला काका म्हणायचो. तो मला बे म्हणायचा, आणि फार खुश असला तर लेका म्हणायचा.

काकानं भंगारातून तुकडे जमवून मला रेसची गाडी बनवून दिली. अमरावती, अकोला, नागपूर, जिथे मातीतली रेस असेल तिथे आम्ही पिकअपमध्ये गाडी बांधून जायचो. मी हरलो तर तो परतीच्या वाटेवर माझी खेटरानं पूजा करायचा आणि जिंकलो तर गप्प बसून बाहेर बघायचा. दोन वर्षांत माझं थोडंफार नाव झालं, आणि माझ्यापेक्षा त्याचं जास्त झालं. चार जिल्ह्यांतली रेसवाली मंडळी गाड्या घेऊन त्याच्याकडे यायला लागली. गॅरेजच्या आतल्या बाजूला त्यानं एक कोपरा फक्त त्या गाड्यांसाठी ठेवला होता. तिथे तो कुणाला चप्पल घालून जाऊ देत नसे.

त्या वर्षी यवतमाळजवळच एक मोठी रेस ठरली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुण्याच्या एका टीमचा मॅनेजर ती बघायला येणार होता. त्याच्याकडे एक जागा होती आणि त्यानं माझ्यासकट तिघा खेळाडूंची नावं लिहून घेतली होती. टीममध्ये घेतलं म्हणजे गाडी त्यांची, पगार त्यांचा, देशभर जाणंयेणं त्यांचं. न घेतलं तर मी कापसाच्या शेतात. दुसरा कुठला रस्ता मला दिसत नव्हता आणि मी शोधतही नव्हतो. काकानं चार दिवस खपून गाडी तयार केली. तेवढ्यात बाबांचा निरोप आला, की गाडी पोळ्याला घरी आण.

मला आश्चर्यच वाटलं. कारण होतं ते असं. आमची पटाची जोडी त्या वर्षी संपली होती. एक बैल म्हातारपणानं गेला, दुसरा त्याच्यामागं दोन महिन्यांनी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांना धुऊन, त्यांच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळतात आणि बैलांना सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, बैलाला कामाला जुंपत नाहीत. बाबांच्या आयुष्यात पहिल्यांदा खांदशेकणीला गोठा रिकामा होता.

मी गाडी घरी आणून गोठ्यात लावली आणि हातमोजे आणायला कळंबला गेलो. परत आलो तर टाकीवर हळदीची पाच बोटं उमटलेली. आई म्हणाली, "तुह्या बाबानं पूजा केली गाडीची." मला इतकं बरं वाटलं की मी अंगणात उभा राहून उगीचच हसत होतो. लोखंडाला हौस नसते म्हणणारा माणूस लोखंडाला हळद लावतो, म्हणजे मलाच हळद लावल्यासारखं होतं. मी गोठ्यात जाऊन टाकीवरची बोटं बघितली. खाली चाकाकडे बघितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी मी एक चक्कर मारून गाडी बघणार होतो. रेसच्या आदल्या दिवशी प्रत्येक जण तसं करतो. बाबांनी हात लावू दिला नाही. "आज जुंपत नाही," म्हणाले. मला त्यांचं मन मोडवेना. त्या दिवशी एक चक्कर मारली असती तर अंगणाच्या टोकालाच सगळं कळलं असतं.

रात्री पाऊस झाला. सकाळी ट्रॅकवर चिखल होता म्हणून सरावाच्या फेऱ्या रद्द केल्या. काकानं नेहमीप्रमाणे चेन बघितली, हवा बघितली, ब्रेकचा लिव्हर दाबून बघितला. लिव्हर घट्ट होता. तो घट्ट असणारच, कारण लिव्हरला काहीच झालेलं नव्हतं. गाडी उतरवताना चाकाला चिखल लागला होता, त्यात पिवळं काही असेल असं कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. बाबा आले होते. माझी रेस बघायला आले ते पहिल्यांदाच. धुवट पांढरे कपडे, डोक्याला टोपी. पहिल्या वळणावर दोराला टेकून उभे होते, कारण पटात जाणता माणूस धावेच्या शेवटाला उभा राहतो, आणि इथे शेवट कुठे ते त्यांना कळत नव्हतं.

झेंडा पडला आणि मी सगळ्यांच्या पुढे निघालो. चिखल माझाच होता. पहिलं वळण डावीकडे. वळणाआधी मी दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर आला, गाडी थांबली नाही. पुन्हा दाबला. गाडी सरळ दोराकडे चाललेली आणि दोरापाशी पांढरे कपडे. मी गाडी आडवी पाडली. माझ्या मागच्या नागपूरच्या खेळाडूचा माझ्या गाडीला धक्का लागून तोही पडला. तो उठला, मी नाही. डावं मनगट आणि गळ्याजवळचं हाड, दोन्ही गेलं होतं.

बाबा दोराखालून आत आले. माझा हात वाकडा दिसत होता तरी त्यांनी आधी माझ्या दोन्ही पायांवरून हात फिरवला, कुठे मोडलंय का बघत. मग तिथेच चिखलात बसले.

काका संध्याकाळी दवाखान्यात आला. बाबा चहा आणायला खाली गेले होते. काका माझ्या उशाशी बसला आणि आधी थोडा हसला.

"ब्रेकचे पॅड उघडले म्या," तो म्हणाला. "पिवळे जरद. वास घेतला तं तुपाचा. तुया बापानं गाडीचा खांद शेकला बे."

टाकीवरची पाच बोटं डोळ्यांपुढे आली.

"साहेबाले काय सांगतलं?" मी विचारलं. साहेब म्हणजे पुण्याचा मॅनेजर.

"म्हटलं, पुढच्या शॉकअपमंदी तेल भरताना सांडलं असन. चूक माही."

"काहून पण?"

"तो मानूस आज पयल्यांदा आलता ना तुही रेस पाहाले? त्याले हे समजलं तं तो जलमभर कोन्या गाडीले हात नाही लावनार, अन् तुले बी बसू नाही देनार. तू सांगजो नको. लहान गोष्ट आहे, चार दिवसांत लोक इसरतात."

ती लहान गोष्ट नव्हती आणि लोक विसरले नाहीत. नागपूरच्या खेळाडूची रेस वाया गेली होती, त्यानं ज्याला त्याला सांगितलं की यवतमाळच्या मिस्त्रीनं डिस्कवर तेल सांडलं. त्याला दोष कसा देणार, त्याला जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. रेसच्या लोकांत दुसरं काहीही चालतं, पण ब्रेकमधली चूक चालत नाही. दोन महिन्यांत त्या आतल्या कोपऱ्यात एकही गाडी उरली नाही.

त्याआधी, अपघाताला तीनेक आठवडे झाले असताना, बाबा आणि मी हाताची तपासणी करायला यवतमाळला गेलो. मिस्त्रीनं तेल सांडल्याचं बाबांच्याही कानावर गेलं होतं. परतताना त्यांनी आर्णी रोडवर ऑटो थांबवला. गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाईकं बसलेली. बाबा दारात उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, बैल कधी चुकत नाही, जुंपनारा चुकते. माया पोराचा हात तुया हातानं मोडला. पुन्हा कोन्या पोराची गाडी हातात घेजो नको."

काकाच्या हातात चिंधी होती. तो हात पुसत राहिला. "हाव भाऊ," तो म्हणाला. "चुकलं माहं."

त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. मी मध्ये बोलत तर नाही ना, एवढंच तो बघत होता. मी माझ्या प्लास्टरकडे बघत होतो. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, असं मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. तोंड उघडायला वीस वर्षं पुष्कळ होतात.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या गॅरेजची गाडी घेऊन दोन रेस जिंकलो आणि पुण्याच्या मॅनेजरनं फोन केला. सगळं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "तो मिस्त्री अजून तुझ्यासोबत आहे का?" मी म्हणालो, "नाही." त्या दिवशी ते खोटं होतं, कारण माझी सरावाची गाडी तेव्हाही, बाबांच्या नकळत, काकाच बघत होता. दुसऱ्या दिवसापासून मी ते खरं करून टाकलं. गाडी उचलून आणली आणि कारण सांगितलं नाही. काकानंही विचारलं नाही. गाडी ढकलत बाहेर नेताना तो एवढंच म्हणाला, "चेन ताठ आहे लेका, पन्नास किलोमीटरनं पाहून घेजो."

मग दहा वर्षं रेस. लोकांना वाटतं की हे काम म्हणजे वेग. खरं तर हे काम म्हणजे वाट बघणं. पहाटे उठून पळणं, जिममध्ये मान आणि हात मजबूत करणं, ट्रेनमधून पुणं ते कोइम्बतूर, कोइम्बतूर ते गोवा, हॉटेलच्या खोलीत ओले बूट पंख्याखाली वाळवणं, आणि वर्षातून जेमतेम काही तास खरोखर गाडीवर असणं. मी तीन वर्षं चांगला होतो, एक वर्ष फार चांगला, आणि बाकीची वर्षं पगार चालू राहील इतपत. टीमकडे माझ्यासाठी एक मिस्त्री होता, शिकलेला, लॅपटॉप घेऊन बसणारा. चांगला माणूस. इंजिनला काय होतंय हे तो पडद्यावर बघून सांगायचा. मला दर वेळी पेचकस आठवायचा, आणि आठवला की मी चिडचिड करायचो. त्या बिचाऱ्याला वाटायचं मी फार तापट आहे. मी तापट आहेच, पण त्याच्यावर नव्हतो.

गावी पोळ्याला मी एकदाही आलो नाही. सांगायचो की हंगाम आहे. यवतमाळला उतरलो तर आर्णी रोड टाळून घरी यायचो. काकाचं गॅरेज चालू आहे, स्कूटी आणि ऑटो दुरुस्त करतो, डोळे अधू झालेत, एवढं कानावर यायचं. बाबांकडे कुणी माझं कौतुक केलं की ते म्हणायचे, "त्या मिस्त्रीनं घात केला नसता तं एक वर्स आधीच गेला असता पोट्टा." हे मी फोनवरही ऐकलेलं आहे. मी विषय बदलायचो. पहिल्या वर्षी मी बाबांना जपत होतो, हे खरं. नंतर मी स्वतःलाच जपत होतो, कारण इतक्या वर्षांनी सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, याचं उत्तर द्यावं लागणार होतं.

यंदा मनगटाचं तिसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं की हात आता हँडल धरण्यापुरता आहे, रेसपुरता नाही. मला रडू आलं नाही. झोप मात्र फार आली. टीमनं जेवण दिलं, शर्ट दिला आणि माझी जुनी गाडी दिली. ती पिकअपमध्ये बांधून मी घरी आलो. मधल्या काळात पटावरची बंदी उठली होती. बाबांचे गुडघे धुरकरीपणाचे राहिले नव्हते, पण त्यांनी नवी तरणी जोडी घेतली होती आणि पटात पंच म्हणून त्यांना मानानं बोलावत होते. पोळा चार दिवसांवर होता. या वेळी हंगामाचं कारण सांगता येत नव्हतं.

खांदशेकणीच्या दिवशी उन्हं उतरल्यावर बाबांनी दोन्ही बैलांचे खांदे चोळले. वाटीत तूप उरलं. ते पळसाचं पान घेऊन उठले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात माझी गाडी होती तिकडे निघाले.

"हिचा बी खांद शेकतो," ते म्हणाले. "त्या वर्सी शेकला, तवा ती तुले पुन्यापरेंत घेऊन गेली. दोस्तायले सांगत असतो मी."

ते चाकापाशी वाकले. मी म्हणालो, "बाबा, थांबा."

आणि सांगितलं. लांबण लावली नाही. तूप, तबकडी, काकानं पॅड उघडले ते, तो काय म्हणाला ते.

बाबा उकिडवे बसले. बोटाला लागलेलं तूप अंगठ्यानं चोळून बघितलं.

"तूप लागलं का ब्रेक लागत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही लागत."

"हे चाळनीवानी थाळी आहे, हिले?"

"हिलेच."

"म्या तं हिलेच जास्त लावलं. इथंच भार येत असन असं वाटलं मले." ते थांबले. "मिस्त्रीले मालूम व्हतं?"

"त्याच दिवशी."

"अन् तुले?"

"मले बी."

मला वाटलं आता शिवी येईल. शिवी आली असती तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "म्हंजे बैल नाही चुकला, अन् मिस्त्री बी नाही चुकला." वाटी त्यांनी खाली ठेवली. "गाडी काढ. ही नाही, घरची."

बाबा माझ्या मागे गाडीवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. हात धुतले नाहीत, मी सांगूनही. गुडघ्यांमुळे त्यांना नीट बसता येईना म्हणून त्यांनी पूर्ण वाट माझा खांदा धरून ठेवला. मी चाळीसच्या वर गाडी नेली नाही. यवतमाळात पोळ्याचा बाजार भरला होता, झुली आणि घुंगरांच्या दुकानांपुढे गर्दी, ऑटो अडकलेले. त्यातून वाट काढत आम्ही आर्णी रोडवर पोचलो तेव्हा गॅरेजातले दिवे लागले होते.

काका स्कूटीचं चाक खोलत होता. जाड भिंगाचा चष्मा, केस सगळे पांढरे. तीन-चार गिऱ्हाईकं होती. बाबा दारात उभे राहिले, तेव्हा उभे होते त्याच जागी, आणि तेव्हाच्याच आवाजात म्हणाले, "मिस्त्री, इथंच उभा राहून म्या तुले बोललो व्हतो. पोराच्या गाडीले तूप म्या लावलतं. चूक माही व्हती, तुही नव्हती. हे सगळ्यायनं ऐकून घ्या."

गिऱ्हाईकांना काहीच कळलं नाही. काकानं पाना खाली ठेवला आणि बाबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. चांगलाच चिडला होता. "सांगतलं काहून याले?" तो म्हणाला. "एवढे वर्सं निभावलं ना म्या."

बाबा पुढे झाले. त्यांनी आपले दोन्ही हात काकाच्या खांद्यांवर ठेवले आणि चोळले, जसे बैलाचे चोळतात तसे, बोटं दाबून. खाकी शर्टावर पिवळे डाग उमटले. "आज आवतण घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

"भाऊ," काका म्हणाला, "हे तं बैलाले म्हनतात."

"मंग जू कोनं वाहलं?"

काकानं चष्मा काढला आणि ग्रीसच्या चिंधीनं पुसला. काचा होत्या त्याहून खराब झाल्या. त्यानं तसाच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मी म्हणालो, "काका, मी तेव्हाच बोलाले पाहिजे होतं."

"पाहिजे व्हतं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. आत वळून मी त्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे आता जुने टायर रचलेले होते. कुठल्याही आवतणानं तिथे गाड्या परत येणार नव्हत्या.

घरी आल्यावर आईनं माझा शर्ट धुवायला घेतला तेव्हा त्याच्या खांद्यावरही तूप-हळदीचा डाग होता. बाबांनी वाटभर धरलं होतं तिथेच. तो डाग माझ्या हक्काचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका एसटीनं आला. पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. आईनं पुरणपोळी, वडे आणि कढी केली होती, बैलांचा नैवेद्य झाला होता, ओसरीवर पाट मांडले होते. बाबा त्याला हात धरून पाटाकडे नेऊ लागले. काकानं हात सोडवून घेतला आणि चप्पल दाराबाहेर काढून गोठ्यात गेला. माझ्या गाडीपाशी वाकला. पुढच्या चाकाच्या तबकडीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. बाबा ओसरीवर उभे होते, मी त्यांच्या मागे.

"साफ आहे," काका म्हणाला. "चला, वाढा."